‘शक्यतो’ची खूण

प्रोजेक्टर लावायचा म्हणून कुणीतरी सभागृहातले दिवे मालवले आणि माझे हात दिसेनासे झाले. पुढच्या दोन रांगांतली सात मुलं माझ्याकडे बघत एकदमच खुर्चीतून पुढे वाकली. मी मोठ्याने म्हणाले, "दिवे लावा हो, अंधारात यांना काही कळणार नाही." दिवे लागले. पण तेवढ्या वेळात पडद्यावरची दोन पानं पुढे सरकली होती, आणि त्या पानांवर काय होतं ते या सात जणांना दिवसभर कुणी सांगितलं नाही.

मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. आईवडील दोघंही बधिर, त्यामुळे मराठीच्या आधी मला हातांची भाषा आली. आईच्या शाळेत हात हलवले की पट्टी बसायची, कारण मुलांनी ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं असा शाळेचा आग्रह होता. तीच भाषा आज माझी रोजीरोटी आहे. न्यायालयं, दवाखाने, मुलाखती, लग्नाच्या बैठका, सगळीकडे जाऊन आले. त्या रविवारची बैठक मात्र अजून मनातून गेलेली नाही.

२०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने दिव्यांग व्यक्तींसाठीच्या नव्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवून सूचना मागवल्या होत्या. आधीचं धोरण २००६ चं. मध्ये २०१६ चा कायदा आला, दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, आणि जुनं धोरण मागे पडलं. सूचना पाठवायला जेमतेम महिना होता. पुण्यातल्या एका संस्थेने त्यासाठी अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना बोलावलं. अंध मुलं होती, चाकाच्या खुर्चीवरची होती, आणि ही सात बधिर मुलं. दुभाषी मी एकटी. खरं तर वीस-पंचवीस मिनिटांनी दुभाषी बदलायला हवा. हात थकतात, त्याआधी डोकं थकतं, आणि मग वाक्यं गळायला लागतात. कुणाचं वाक्य गळतंय हे ऐकू येणाऱ्यांना कळतही नाही.

बैठक चालवणारे सर मनापासून करत होते, हे आधीच सांगते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "राष्ट्रीय पातळीवरच्या निर्णयप्रक्रियेत तुमचा सहभाग कसा वाढवता येईल?" या वाक्यातल्या एकाही शब्दाचं बोट धरून मला पुढे जाता येईना. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले होते, पण खेड्यातल्या मुलीपर्यंत ते कसे पोचणार? आमच्या भाषेत प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. मी हातांनी मांडलं: सरकार, नवे नियम, लिहिणार, लिहिण्याआधी, तुम्ही, सांगायचं, कसं? मग मुलांचे हात भराभर हलू लागले. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला दुभाषी हवा. बँकेने फोन करण्याऐवजी मेसेज करावा. शाळेच्या पाटीवरचा ‘मूक’ शब्द पुसा, आम्ही मुके नाही. सर भराभर टिपून घेत होते.

जेवणानंतर एका मुलीने हात वर केला. बधिर लोक एकमेकांना खुणेचं नाव ठेवतात. हिचं नाव म्हणजे गालाला तर्जनी लावून फिरवणं, कारण तिच्या गालाला खळी पडते. वय एकवीस. बार्शीजवळच्या गावातून वडिलांबरोबर रात्रीच्या एसटीने आली होती. शाळा लवकर सुटलेली. सांकेतिक भाषा दोन वर्षांपूर्वी शिवणकामाच्या वर्गात भेटलेल्या बधिर मैत्रिणींकडून शिकली. त्याआधी एकोणीस वर्षं घरातल्या खुणांवर काढलेली. भाकरी, पाणी, चल, नको, बस्स.

"मॅडम, त्यांना विचारा, सरकारने काय करावं," सर मला म्हणाले.

"सर, तुम्ही तिच्याकडे बघून विचारा. मी आहेच."

सर तिच्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं, सरकारने काय करावं?"

ती सावकाश सांगू लागली. मी तिचा आवाज झाले. दुभाषी ‘ती म्हणते’ असं म्हणत नाही, ‘मी’च म्हणते.

"घरी सगळे जेवायला बसतात. बोलतात, हसतात. मी विचारते, काय झालं? आई हात करते, नंतर. नंतर सांगत नाही. ताईचं लग्न ठरलं ते मला पत्रिका छापून आल्यावर कळलं. सरकारने माझ्या आईला माझी भाषा शिकवावी."

मागच्या भिंतीशी तिचे वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या तोंडून त्यांची मुलगी बोलत होती. त्यांनी मान खाली घातली.

सरांचं पेन थांबलं. "भावना कळली मला. पण हे जरा कौटुंबिक झालं. आपण धोरणावर बोलतोय ना? पुढचा मुद्दा घेऊ."

मी हे जसंच्या तसं तिला दाखवलं. दुभाष्याने स्वतःचं मत मध्ये घालायचं नसतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की याहून राष्ट्रीय मुद्दा सकाळपासून कुणी मांडलेला नाही. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांवर लोक मोजले गेले, आणि बधिर मुलांतली बहुतेक ऐकू येणाऱ्या घरांतच जन्मतात. डॉक्टर तपासणीचा कागद हातात देतात, श्रवणयंत्राचं सांगतात. ‘आजपासून याच्याशी हातांनी बोला’ हे त्या आईला सांगणारं कुणी भेटत नाही. बाळाच्या डोक्यात भाषा रुजायची ती पहिली वर्षं कोरडी जातात. माझ्या घरात याच्या उलट होतं. ऐकू न येणाऱ्या आईशी मी पोटभर गप्पा मारत वाढले, म्हणून या मुलीचं काय हुकलंय ते मला नेमकं माहीत आहे. मी गप्प राहिले. हात तेवढे खाली घेतले नाहीत.

तिने सरांकडे बघून पुन्हा सुरुवात केली.

"मागच्या वर्षी जानेवारीत ग्रामपंचायतीला मी मत दिलं. पहिलंच. कुणाला द्यायचं ते घरात जेवताना ठरलं. कोण उभं आहे, का द्यायचं, मला माहीत नाही. भावाने बोटांनी दाखवलं, वरून तिसरं बटण. मी दाबलं. तुम्ही विचारता, दिल्लीला काय सांगायचं. मला कुणी काही सांगतच नाही, मग मी काय सांगू?"

सभागृहात कुणी बोललं नाही. एका अंध मुलाने शेजाऱ्याला विचारलं, "कोण बोललं हे?" सरांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि टाइप केलं. मला म्हणाले, "वाचून... नाही, तुम्हीच बघा," आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिला लिहिलेलं मराठी जेमतेम येतं, म्हणून मी हातांनी दाखवलं. ‘बालकाच्या श्रवणदोषाचे निदान झाल्यावर पालकांना शक्यतो भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण देण्यात यावे.’

"फक्त आईवडील?" तिने विचारलं. "आजी पण. भाऊ पण."

सरांनी ‘पालकांना’ खोडून ‘सर्व कुटुंबीयांना’ केलं.

मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. सगळ्या शब्दांना मी हात हलवले होते, या एका शब्दावरून घाईत पुढे गेले होते, आणि ते तिने पकडलं. "हा शब्द काय?"

शक्यतो. मी हात आडवा धरून इकडून तिकडे कलता केला. जमलं तर देणार. नाही जमलं तर नाही.

ती क्षणभर बघत राहिली. मग हात झटकून तिने आईची खूण केली, पुढे ढकललेला तळवा.

"हे आईच्या ‘नंतर’सारखं," मी तिच्यासाठी बोलले. "काढा."

सरांनी शब्द निवडला आणि खोडला. तिने पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितलं. या वेळी मागे बसलेले वडील उठून जवळ आले आणि माझ्या हातांकडे बघत उभे राहिले.