मोडीतल्या गिन्या ते नाण्यांचं मूल्यांकन : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, वडिलांची छोटी पेढी. मोड, म्हणजे जुनं सोनं, घ्यायची, कस लावून शुद्धता पाहायची, आटवायचं, नवा दागिना घडवून द्यायचा. मोडीत गिन्यांचे, म्हणजे इंग्लंडच्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यांचे, हार यायचे, पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळा यायच्या आणि सगळं एकाच मुशीत जायचं. मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा एक शिस्त घातली : साल वाचल्याशिवाय नाणं आटवायचं नाही. आजचा आमचा नाणी पारखण्याचा आणि मूल्यांकनाचा व्यवसाय त्यातूनच उभा राहिला.

का, ते 1918च्या दोन नाण्यांवरून सांगतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडशी सोन्याची ने-आण अवघड झाली, म्हणून मुंबईच्या टांकसाळीत सोन्याची नाणी पाडली. आधी पंधरा रुपयांचं, मग गिनी. दोन्ही 7.98 ग्रॅम, दोन्ही 22 कॅरट. तराजूला फरक कळणारच नाही. मुंबईची गिनी ओळखायची ती नाण्यावरच्या घोडेस्वाराच्या चित्रात, घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर असलेल्या बारीक ‘आय’ (I) या अक्षरावरून. अशा सुमारे 13 लाख गिन्या पाडल्या. पंधरा रुपयांची नाणी त्याहून जास्त, सुमारे 21 लाख. तरीही आज संग्राहक पंधरा रुपयांच्या नाण्यालाच जास्त मोजतात. ते त्या एकाच वर्षी निघालं आणि पुढे पुष्कळसं आटवलं गेलं. किती पाडली यापेक्षा किती उरली, हे शोधणं हेच आमचं खरं काम. त्यासाठी जुन्या लिलावांच्या याद्या आम्ही वर्षानुवर्षं जमवतोय. मागितलेला भाव नाही, प्रत्यक्ष विकला गेलेला भाव टिपून ठेवतो.

पारख सोपी नाही. गिनी दोऱ्याला टांगून पाण्यात तोलली की वजन साधारण 0.45 ग्रॅमनं घटायला हवं. पण लेबनॉनमध्ये पूर्ण सोन्याच्या बनावट गिन्या निघाल्या होत्या. त्या या परीक्षेत सहज पास होतात. तिथं भिंगच लागतं : अक्षरांच्या कडा, घोड्याची आयाळ, काठावरच्या रेघा. हारात ओवण्यासाठी नाण्याला नाकं, म्हणजे कडी, झाळून जोडलं असेल तर किंमत घटते, हेही आम्ही कागदावर स्पष्ट लिहितो.

पुतळ्यांचं काम मला सगळ्यात आवडतं. त्यांचं मूळ व्हेनिसच्या डुकाट या नाण्यामध्ये. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोनं, त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. व्यापारातून ती इकडे आली आणि इथल्या कारागिरांनी तशीच घडवली. अस्सल डुकाटवर डोजेचं नाव वाचता येतं, त्यावरून काळ ठरतो. इथल्या नकलेत अक्षरं नुसती नक्षी होऊन जातात. एकाच माळेत दोन्ही सापडतात, म्हणून प्रत्येक पुतळी वेगळी तपासतो.

मूल्यांकनाची फी आम्ही नगावर घेतो, किमतीच्या टक्क्यावर कधीच नाही. भाव फुगवण्यात आमचा काही फायदा असता कामा नये. मुलं परदेशी असलेल्या घरांना एक गोष्ट आधीच सांगतो : 1972च्या कायद्यानं शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते सामानात टाकून बाहेर नेता येत नाही.

आता परिसरातले काही सराफ मोड आटवण्याआधी नाणी आमच्याकडे दाखवायला पाठवतात. ही तपासणी आम्ही मोफत करतो.