पी०१३५, तिसरी फेरी

मागच्या नोंदीनंतर अकरा दिवसांनी ताम्हिणी घाटात चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला. कोड तोच, पी०१३५: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) आधीच्या ऑक्सिजन सेन्सरचं हीटर सर्किट. जूनपासूनची ही तिसरी वेळ. गाडी २०१२ची, १.२ लिटर पेट्रोल, १,१४,००० किमी झालेली. पहिल्या वेळी कोड पुसला, दुसऱ्या वेळी नाना पेठेतून ३,४०० रुपयांचा नवा सेन्सर आणून बसवला. या वेळी ठरवलं, कारण सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही.

या कामात नव्याने आलेल्यांसाठी थोडं. सेन्सरमधलं झिरकोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच भरवशाचा व्होल्टेज देतं. नुसत्या एक्झॉस्टच्या उष्णतेवर सोडलं तर त्याला वेळ लागतो, म्हणून आत हीटर. तोवर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ओपन लूपमध्ये, म्हणजे सेन्सरकडे न बघता, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडत राहतो. हीटर चालला नाही की हा काळ लांबतो. गावातल्या छोट्या फेऱ्यांत माझं ॲव्हरेज १५वरून १३वर आलं ते बहुधा यामुळेच.

शनिवारी सकाळी, इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर (तारांचा जोड-प्लग) सोडला. हीटरच्या दोन पांढऱ्या तारांमध्ये ५.८ ओहम. काढून ठेवलेला जुना सेन्सर मोजला: ६.१. म्हणजे जुन्याचा हीटरही शाबूत होता. पैशांचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की हे मोजमाप पाच मिनिटांचं होतं आणि मी ते सेन्सर घ्यायच्या आधी केलं नाही.

मग हार्नेसची, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याची बाजू. किल्ली ऑन, सप्लाय पिनवर मीटर: १२.३ व्होल्ट. ईसीयूकडे जाणारी तार शेवटपर्यंत ०.४ ओहम, बॉडीला कुठे शॉर्ट नाही. सगळं बरोबर आणि तरी कोड. इथे दोन तास अडकले, ईसीयूवरच संशय घ्यायला लागले.

बाबा चहा घेऊन खाली आले. एसटीच्या डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन. म्हणाले, "मीटरला काय विचारतेस? त्याची भूक ती केवढी! बल्ब लाव."

मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहम, त्यातून करंट जवळपास जातच नाही. तारेत केसाएवढा एक धागा उरला असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवणार. हीटर मात्र थंड असताना दोन अँपिअर ओढतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन ओढतो, म्हणजे जवळपास तेवढंच. सप्लाय पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये बल्ब लावला, तर तो नुसता तांबूस झाला. बल्बवर ७.१ व्होल्ट. बाकीचे पाचेक व्होल्ट वाटेतच खपत होते.

आता ती वाट कोणती? कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचा हीटरही याच १५ अँपिअरच्या फ्यूजवर आहे आणि त्याचा कोड पी०१४१ एकदाही आलेला नाही. म्हणजे मेन रिले आणि फ्यूज निर्दोष, दोष फाटा फुटल्यानंतरच्या तुकड्यात. हे जूनमध्येच दिसायला हवं होतं. खात्रीसाठी फ्यूजच्या आउटपुटवर तोच बल्ब लावला, लख्ख पेटला. मग बल्ब परत कपलरवर लावून बाबांना त्याच्याकडे बघत बसवलं आणि मी हार्नेस वीत-वीत दाबत गेले. बॅटरी ट्रेखालच्या ब्रॅकेटपाशी आले तसे बाबा म्हणाले, "थांब, इथंच. मिचकला."

टेप सोडली. ब्रॅकेटच्या कडेने इन्सुलेशनला नखाएवढा काप गेलेला, आणि आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी. तारेचे धड धागे तीन. पाणी इन्सुलेशनच्या आतून तारांच्या फटींतून पुढे सरकत जातं, म्हणून दोन्हीकडे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जावं लागलं, एकूण १७ सेंटिमीटर. कोड पावसात आणि घाटातच का यायचा त्याचं उत्तर या भुकटीत होतं. ओल आणि इंजिनाचे हेलकावे मिळून रेझिस्टन्स वाढायचा, हीटरचा करंट घटायचा. ऊन पडलं, तार सुकली, की काही दिवस सुरळीत. नवा सेन्सर लागू पडला असं मला वाटलं ते त्याच दिवसांत.

१ चौरस मिमीची नवी तार, क्रिम्प (दाबून बसवलेला) जोड, वरून आत गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीट-श्रिंक नळी, मग स्लीव्ह. ब्रॅकेटची कड कानशीने घासून गोल केली. एक कळकळीने सांगते: सेन्सरच्या स्वतःच्या तारा सोल्डर करून जोडू नका आणि त्याच्या कपलरमध्ये ग्रीस भरू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या तारांच्या इन्सुलेशनमधूनच आत मिळते.

आता बल्बवर १२.० व्होल्ट. थंड स्टार्टनंतर चाळिसाव्या सेकंदाला सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.८ व्होल्टच्या मध्ये हलायला लागतो, कूलंट ३४ अंशांवर असतानाच. ६४० किमी झाले, त्यात ताम्हिणी दोनदा, तेही धो-धो पावसात. पेंडिंग कोडसुद्धा (दिवा लागण्याआधी नुसता नोंदला जाणारा) नाही.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू तक्त्यापेक्षा सरासरी किती इंधन जास्त-कमी सोडतोय तो आकडा, मात्र +८ टक्क्यांवर आहे. बराचसा भाग ई२०चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) असणार: नुसत्या पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२०ला साधारण १३.५, म्हणजे इंधन तेवढं जास्त. तरी आयडलला किती आणि २,५०० आरपीएमला किती, हे वेगवेगळं नोंदवायचंय. आयडललाच जास्त निघाला तर कुठूनतरी हवा खेचतेय, मग सुरुवात इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटपासून. जुना सेन्सरही परत बसवून त्याच्या सिग्नलचा वेग नव्याशी ताडून बघणार आहे. बाबांनी त्यासाठी रविवार मोकळा ठेवलाय.