तुम्ही विचारलंत म्हणून: शोध्याला आधी का कळलं नाही?

शोध्याला इतकी वर्षं कळलं कसं नाही? एवढा मठ्ठ आहे का तो? लहानपणापासूनची मैत्रीण दोन घरं सोडून राहते, तिचा जीव त्याच्यावर जडलाय हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा ठाऊक, आणि गावभरच्या हरवलेल्या वस्तू हुडकून देणाऱ्या माणसाला तेवढंच दिसू नये?

माझी कादंबरी वाचलेलं जे कोणी भेटतं, ते फिरून फिरून यावरच येतं. आजवर मी वेळ मारून नेली. 'पुरुष असेच असतात' म्हणून हशाही मिळवला, आणि हे वाक्य मला स्वतःला मुळीच पटत नाही. पण परवा एकीने विचारलं, "पानं भरायला मुद्दाम आंधळा ठेवलात ना त्याला?" आणि माझं डोकं फिरलं. तर आता ऐकाच.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. शोध्याला हरवलेली वस्तू सापडते, पण मालकाने तिची आशा सोडल्यावरच. मालक शोधतोय तोवर शोध्याला काही म्हणजे काही जाणवत नाही. मालकाने मनापासून नाद सोडला, की याच्या बरगड्यांखाली ओढ लागते आणि हा त्या दिशेने चालू लागतो. त्याची ती मैत्रीण म्हणजे गाठवाली; तिची तऱ्हा वेगळी. तिने मारलेली गाठ कापता येत नाही, जाळता येत नाही. ज्याच्यासाठी मारली त्याने दडवून ठेवलेलं काहीतरी खरं बोलून टाकलं, की ती आपसूक सुटते. लहान असताना तिने एकदा त्याच्या बुटाची नाडी बांधून दिली, तर हा दोन रात्री एका पायात बूट घालूनच झोपला. तिची पाटी आपण फोडली हे कबूल करायला त्याला तेवढा वेळ लागला. त्यानंतर त्याने बूटच सोडले. अख्ख्या कादंबरीत तो वहाणा घालून फिरतो, बर्फातसुद्धा. किती जणांच्या लक्षात आलं हे? 'आधी का कळलं नाही' म्हणून माझा पिच्छा पुरवता, पण नाडीचे बूट टाळणाऱ्या माणसाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

जादू सोयीस्कर आहे, ही तक्रार तर मी ऐकूनच घेणार नाही. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये मांडलेला नियम फँटसी लिहिणाऱ्यांना तोंडपाठ असतो: जादू वाचकाला जेवढी नीट समजलेली असेल, तेवढेच पेच लेखकाने तिच्या जोरावर सोडवावेत. मी तो पाळलाय. पहिल्याच प्रकरणात शिंपीणबाईंचं अंगुस्तान हरवतं. त्या म्हणतात, "सोडली हो आशा." शोध्या म्हणतो, "नाही सोडलीत. आत्ता बोलता बोलता खिसा चाचपलात." तिसऱ्या प्रकरणात त्या नवं अंगुस्तान घेऊन येतात, आणि ते बोटात चढवताक्षणी शोध्या हातातलं काम टाकून उठतो. जुनं निघतं कोंबड्यांच्या खुराड्यात. इतकं सगळं मांडून झाल्यावर विसाव्या प्रकरणात जे होतं, ते आभाळातून पडलेलं नाही.

विसाव्यात गाठवाली आशा सोडते. रडत नाही, काही बोलत नाही. दोर वळता वळता तिच्या मनात येतं, की आता त्याच्या दारावरून जाताना आपली पावलं रेंगाळणार नाहीत. आणि ते खरं असतं. इकडे शोध्याला ओढ लागते. तो दाराकडे जातो, ओढ दाराकडे नाही. खिडकीशी जातो, तिथेही नाही. जन्मात पहिल्यांदा त्याला दिशाच सापडत नाही. तो सरकेल तशी ओढ त्याच्याबरोबर सरकते. शेवटी खोलीच्या मधोमध उभा राहून तो दोन्ही हातांनी स्वतःलाच चाचपतो. कुणीतरी ज्याची आशा सोडली, ती वस्तू तो आहे.

मला आवडतो हा प्रसंग. माझाच असला तरी आवडतो.

दुसरा सोपा मार्ग होता ना: तिसरं माणूस आणायचं. मित्रांच्या प्रेमकथेत कुणाचे डोळे उघडायचे झाले की सर्रास हेच करतात. जेन ऑस्टेनच्या 'एमा'मध्ये, म्हणजे १८१५ सालीच, ही युक्ती इतकी बेमालूम वापरून झाली आहे की आपण नव्याने काय करणार? नाइटली एमाला तिच्या जन्मापासून ओळखतो, त्यांच्याकडे सतत येऊनजाऊन असतो. तरी आपली मैत्रीण हॅरिएट त्याच्यावर आस लावून बसलीय हे तिच्याच तोंडून ऐकेपर्यंत एमाला स्वतःच्या मनाचा पत्ता नसतो. मला मत्सर नको होता. मत्सराने फार तर 'हे दुसऱ्याला मिळू नये' एवढंच कळतं, असं मी ठासून सांगत असते. एमाच्या बाबतीत ते पुरतं खरं नाही, पण वाद घालताना मी तेवढं सोडून देते.

'असं प्रत्यक्षात घडत नाही' म्हणणाऱ्यांना कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या डॅनू अँथनी स्टिन्सन आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा अभ्यास दाखवते. सुमारे १,९०० जणांच्या माहितीत जवळपास दोन तृतीयांश लोकांचं नातं आधी मैत्री म्हणूनच सुरू झालेलं निघालं. त्यातल्या विद्यार्थ्यांच्या गटात प्रेमाआधीची मैत्री सरासरी २२ महिन्यांच्या आसपास भरली, आणि बहुतेकांनी मैत्री केली तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. माझ्या दोघांना त्या गटात बसवलं असतं तर सरासरीचं वाटोळं झालं असतं, हे कबूल. आणि 'कोझी', म्हणजे माझ्यासारखी लढाया नसलेली उबदार फँटसी, तिच्यात काही घडतच नाही, या तक्रारीवर मी आता बोलायचं सोडलंय. ट्रॅव्हिस बाल्ड्रीच्या कादंबरीतली, तलवार टाकून कॉफीचं दुकान काढणारी ऑर्क (फँटसीतली धिप्पाड राक्षसी जमात) २०२३ च्या ह्यूगो या विज्ञानकथा-फँटसीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीपर्यंत पोचली; ज्यांना पटायचं त्यांना पटलंय.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. पुढे तेवढी नाही.

छापली त्याआधीची कादंबरी वेगळी होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. तिच्यात विसावं प्रकरण जवळजवळ असंच होतं, पण नंतर शोध्या गाठवालीकडे जातो, घडलं ते सांगतो, दोघं पोट धरून हसतात आणि मित्रच राहतात. वर मी प्रस्तावनाही लिहिली होती, भलतीच तोऱ्यात: मैत्री ही काही प्रेमाची उमेदवारी नव्हे, बाईचा आणि पुरुषाचा स्नेह आहे तसाच पुरेसा असतो, वगैरे. ज्यांनी वाचली त्यांच्यातल्या एकाने लगेच अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या तोंडावर फेकली: मध्यवर्ती प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा, मग याला रोमान्स कसं म्हणता? मी म्हटलं, व्याख्येला विचारून मी लिहीत नाही. ते आजही म्हणेन.

माझं लिखाण सगळ्यात आधी वाचणारा माणूस ठरलेला आहे. जुना मित्र. किती जुना ते विचारू नका. तो कागदावर वाचतो आणि वाचता वाचता लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत जातो. तो वाचत असताना मी खोलीत थांबायचं नाही अशी आमची रीत. त्या दिवशी थांबले. का, ते तेव्हाही धड सांगता आलं नसतं. मी पुस्तकांचं कपाट आवरायचं सोंग घेतलं होतं. मागे पेनाची बारीक करकर चाललेली, मध्येच पान उलटल्याचा आवाज. करकर थांबली तेव्हा मी न बघता ओळखलं, विसावं आलं. माझं शुद्धलेखन काही अचानक सुधारलेलं नव्हतं.

"याला माहीत होतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"शोध्याला. आधीपासून. तू त्याला नियमाच्या आड लपवलंयस."

मी भांडले. नियम पहिल्या पानापासून आहे, तुझ्यासमोरच तर बांधला, अंगुस्तानाचा प्रसंग तुला आवडला होता, तेव्हा का नाही बोललास? त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याची ती पद्धतच आहे, समोरच्याला दम लागेपर्यंत बोलू द्यायचं.

"नियम वस्तूंचा आहे," मग तो म्हणाला. "माणूस रोज समोर बसतं, ते कळायला जादू कशाला लागते? हा बूट का घालत नाही, सांग."

"पाटीमुळे. लहानपणीचं."

"पाटीचं तेव्हाच सांगून झालं की. गाठ सुटली, विषय संपला. मग मोठेपणी कशाला घाबरतो? नाडी सुटलेली दिसली तर गाठवाली बांधायला वाकेल, आणि ती गाठ सोडवायला काय बोलावं लागेल ते याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून वहाणा."

वर मी बुटांवरून तुमच्यावर डाफरले ना? ते मला त्याने दाखवलं. मी वहाणा गंमत म्हणून घातल्या होत्या, बर्फातल्या वहाणा वाचून लोक हसतील म्हणून. माझ्याच कादंबरीतलं माझ्या ध्यानात न आलेलं त्याने असं सहज बोट ठेवून दाखवलं, आणि मला भयंकर राग आला. कपाटाशी उभी राहून, हातात कुठलंसं पुस्तक धरून, मी विचारलं, "आणि तुला?"

"मला काय?"

"तुला माहीत होतं?"

तो माझ्याकडे बघत होता, नक्की. मी पुस्तकाकडे बघत होते. "मी कादंबरीबद्दल बोलतोय," तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं. पेन पुन्हा सुरू झालं. शेवटपर्यंत वाचून गठ्ठा नीट टोकाला टोक जुळवून टेबलावर ठेवला, पुढच्या प्रकरणात 'किल्ली' एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ पडलीय ते सांगितलं, आणि गेला.

एवढंच. यापुढे काही तरी घडलं असेल असं ऐकणाऱ्याला हमखास वाटतं. एक तर तुटलं असेल, नाही तर जुळलं असेल. दोन्ही नाही. तो अजूनही सगळ्यात आधी वाचतो, अजूनही लाल पेन. मी कशाबद्दल विचारत होते ते त्याला कळलं, की मी कादंबरीवरूनच चिडलेय असं त्याला खरोखर वाटलं, यावर मी दोन्ही बाजूंनी तासन्‌तास बोलू शकते. 'मग ही तुमचीच गोष्ट का?' असं विचाराल, तर नाही. माझ्या गोष्टीत कुणी कुणाकडे आलंच नाही.

त्यानंतर मी शेवट बदलला. आता छापलेल्या पुस्तकात शोध्या नवेकोरे नाडीचे बूट घालून गाठवालीच्या उंबऱ्यावर येतो, नाड्या मोकळ्या लोंबत असलेल्या, आणि पाय पुढे करतो. तुम्हाला हा शेवट आवडतो हे मला पत्रांवरून कळतं. विसाव्या प्रकरणातही बदल आहे, पण एकाच शब्दाचा. ओढ आपल्याच अंगात आहे हे उमगल्यावर तो आधी 'दचकला' होता. तो 'दचकला' मी काढला. आता तो नुसता उभा राहतो. त्याला आधी कळलं होतं का, याचं पुस्तकातलं उत्तर तिथे आहे, त्या न दचकण्यात. त्याला माहीत होतं. न कळू देण्यासाठी तो वर्षानुवर्षं खपला, पाय गारठवून घेतले. तुम्ही त्याला मठ्ठ म्हणता म्हणून मला एवढं लागतं.

आणि तरीही ती तोऱ्यात प्रस्तावना लिहिणारी बाई माझा पिच्छा सोडत नाही. मी तिला म्हणते, तू त्या दोघांना मित्र ठेवलंस ते तत्त्वासाठी नव्हे. गाठवालीला काही मागावं लागू नये म्हणून तिला हसायला लावलंस. त्यावर ती विचारते, आणि तू बूट घालून आणलास तो कथेची गरज म्हणून, की त्या खोलीत तू विचारलेल्या प्रश्नाचं निदान कागदावर तरी कुणी उत्तर द्यावं म्हणून? शिवाय तिचं मूळ म्हणणं मला अजूनही खोटं वाटत नाही. जे आहे ते पुरेसं असतं. बहुतेक दिवशी असतंच. कधी कधी तर वाटतं, पुढच्या आवृत्तीत 'दचकला' परत घालावा आणि बिचाऱ्याला खरोखरच काही माहीत नव्हतं असं होऊ द्यावं. तेही काही कमी सुंदर नाही.

दुसऱ्या भागाचं विचारता, तर लिहितेय. त्यात दोघं एका घरात राहतात आणि घरात सारख्या किल्ल्या हरवतात. शोध्याला त्या सापडत नाहीत, कारण गाठवाली आता कशाचीच आशा सोडायला तयार नाही. सुरुवातीची प्रकरणं वाचायला दिली आहेत. 'किल्ली' या वेळी सगळीकडे सारखी लिहिलीय, तेव्हा तो काय काढतो ते बघू.