तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअपला सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

हा प्रश्न मला सारखा येतो. आमच्या नाशिकात सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांकडून येतो, कॉलेज रोडच्या क्लासवाल्या मॅडमकडून येतो, लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांकडून येतो, आणि नातेवाईकांकडून तर रात्री जेवणं झाल्यावर. "दादा, बॅकअपचं एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना, फ्रीमधलं असेल तर बघा." मी आधी उलट विचारतो, की समजा तुमची हार्ड डिस्क आज दुपारी गेली, तर उद्या सकाळी काय परत पाहिजे? नुसत्या फायली, की आख्खं मशीन जसंच्या तसं? बहुतेक जण इथेच थांबतात, कारण बॅकअप घ्यायचा एवढंच डोक्यात असतं, परत कसं आणायचं याचा विचारच झालेला नसतो, आणि खरं तर सॉफ्टवेअर त्यावरूनच निवडायचं असतं.

फायलीच पाहिजे असतील तर पैसे घालवू नका. क्लासवाल्या मॅडमचं काय, प्रश्नपत्रिका, नोट्स, फीचं एक्सेल, बस. त्यांना विंडोजमधलं फाइल हिस्ट्री पुरतं, ते विंडोज ८ पासून आतच आहे, चालू मात्र आपल्याला करावं लागतं. बाहेरची डिस्क लावली की ठराविक वेळाने, काही बदललं नाहीत तर दर तासाला, बदललेल्या फायलींची कॉपी टाकत राहतं. मला ते आवडतं त्याचं कारण वेगळंच आहे. ती डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावून फोल्डर उघडा, तुमची फाइल साधी फाइल म्हणूनच दिसते, नावापुढे कंसात तारीख आणि वेळ. ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे सकाळी दहाला सेव्ह केलेली प्रश्नपत्रिका पहाटे साडेचारची दिसते, घाबरू नका. सॉफ्टवेअर असो नसो, फाइल हातात येते, हा गुण मी सगळ्यात वर धरतो. फक्त डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डरच ते घेतं, डी ड्राइव्हमध्ये "नवीन फोल्डर २" करून सगळा संसार मांडला असेल तर तो आधी आत घ्यावा लागेल. मॅकवाल्यांनी मॅकमधलंच बॅकअपचं टाइम मशीन चालू करावं आणि पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

फोटोवाल्यांचं गणित वेगळं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवरचं एक लग्न म्हणजे शेकड्यात जीबी. त्यांना मी फ्रीफाइलसिंक सांगतो, दोन डिस्का समोरासमोर दाखवतं, काय नवीन, काय बदललं ते कॉपीच्या आधीच दिसतं. पण त्यात मिरर नावाचा प्रकार आहे तो समजून घ्या. मिरर म्हणजे इकडून उडवलं की तिकडूनही उडणार. चुकून संगीतच्या कार्यक्रमाचं फोल्डर डिलीट झालं आणि रात्री मिरर मारला तर दोन्हीकडे सफाई. त्याच सेटिंगमध्ये व्हर्जनिंग आहे, ते चालू केलं की उडालेल्या फायली वेगळ्या फोल्डरात जाऊन पडतात. तेवढी एक टिक लावल्याशिवाय वापरू नका.

ह्याच कारणाने गूगल ड्राइव्हला मी बॅकअप म्हणत नाही. १५ जीबी फुकट मिळतात, छान आहे, पण कॉम्प्युटरवरून सिंक लावलं असेल तर इथे डिलीट केलेलं तिथेही जातं, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग संपलं. आपल्याला काय उडालं ते बऱ्याचदा मार्चएंडलाच कळतं.

टॅलीवाल्यांसाठी दोनच शब्द. टॅलीचं स्वतःचं बॅकअप वापरा, किंवा टॅली पूर्ण बंद करून मगच डेटा फोल्डर कॉपी करा. चालू टॅलीची घाईत मारलेली कॉपी उघडेलच याची खात्री कुणी देऊ नये.

आता अवघड प्रकार. सातपूर-अंबडला अजून कितीतरी मशीनच्या शेजारी जुना पीसी असतो, विंडोज ७ वर चालणारा, त्यात मशीनचं सॉफ्टवेअर, मागे डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबी किल्ली लटकतेय, सीडी हरवलेली, आणि ज्याने ते सगळं बसवून दिलं तो माणूस फोन उचलत नाही. इथे फायलींच्या बॅकअपने काही होत नाही, फायली मिळतील पण मशीन उभंच राहील. इथे इमेज पाहिजे, म्हणजे विंडोज, ड्रायव्हर, सेटिंग सगळ्यासकट डिस्कची हुबेहूब प्रत. पूर्वी सगळे डोळे झाकून मॅक्रियम रिफ्लेक्टचं फ्री सांगायचे, मीही सांगायचो, पण त्या फ्रीचा सपोर्ट १ जानेवारी २०२४ ला बंद झाला, जुन्या लिंकवरून शोधत बसू नका. असल्या जुन्या पीसीला क्लोनझिला बरं. पेनड्राइव्हवरूनच सुरू म्हणजे बूट होतं, विंडोजला हातच लावावा लागत नाही. स्क्रीन निळी आणि मजकूर सगळा इंग्रजी, सोर्स आणि टार्गेट उलटं निवडलं तर चांगल्या डिस्कवर रिकामी डिस्क ओतली जाईल, म्हणून डिस्कचा साइज आणि मॉडेल नंबर आधी कागदावर लिहून घ्या आणि मगच एंटर मारा. नवीन डिस्क मात्र जुनीएवढी किंवा मोठी पाहिजे.

ऑफिसच्या नव्या पीसीला विंडोज चालू असताना रोज आपोआप इमेज हवी असेल तर वीम (Veeam) कंपनीचा विंडोज एजंट, फ्री एडिशन. पहिल्यांदा पूर्ण घेतं, नंतर फक्त बदललेलं. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे बॅकअप झाला की बाहेरची डिस्क आपली आपण इजेक्ट करायचा ऑप्शन आहे. का पाहिजे ते सांगतो. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं की ते जोडलेल्या सगळ्या डिस्का लॉक करतं, २०१७ साली वॉनाक्राय नावाच्या असल्याच व्हायरसच्या वेळी सगळ्या जगाने पाहिलं, त्यामुळे चोवीस तास यूएसबीला लटकलेली डिस्क त्या दिवशी काही कामाची नाही. डिस्क काढून कपाटात ठेवणं हा निम्मा बॅकअप आहे आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर विकत देत नाही.

कपाटसुद्धा कुठलं ते बघा. सराफ बाजारात, भांडी बाजारात दुकान असेल तर पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण सगळे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं तेच विचारतो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने काय झालं ते आठवत असेलच. तेव्हा माल वरच्या माळ्यावर जातो, कॉम्प्युटर आणि त्याच्याच खालच्या खणातली बॅकअपची डिस्क राहते. एक डिस्क इंदिरानगरला बहिणीकडे नाहीतर सिडकोत मेव्हण्याकडे ठेवा, महिन्याला अदलाबदल करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, असा नियमच आहे जगभर.

पैसेवाली सॉफ्टवेअर वाईट आहेत असं नाही. फोनवरून मदत, एका जागेवरून दहा पीसी बघणं हे लागत असेल तर घ्या. घरच्या एका लॅपटॉपला दरवर्षीचं सबस्क्रिप्शन मला तरी पटत नाही, त्यापेक्षा तेवढ्यात दुसरी डिस्क घ्या. फक्त ऑनलाइन हजार-दीड हजारात १६ टीबी दिसली तर हात लावू नका, ती आकड्यापुरतीच १६ असते, आतली जागा भरली की जुन्यावर नवीन लिहायला लागते.

काहीही निवडलंत तरी पहिल्याच दिवशी दोन कामं करा. एक जुनी फाइल बॅकअपमधून परत काढून उघडून बघा, नुसतं हिरवं टिक बघून खुश होऊ नका. आणि इमेजवालं घेतलं असेल तर त्याचा रिकव्हरी पेनड्राइव्ह लगेच बनवा, त्यावरून एकदा बूट करून तुमची बाहेरची डिस्क त्यात दिसते का ते बघा. नवीन लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर, बऱ्याचदा आधीच चालू असतं, तेव्हा त्याची ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून प्रिंट मारा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, ठेवतात लोक.