बीएलएस की एसीएलएस? नाशिकमधला माझा अनुभव

जाहिरातीत "व्हॅलिड लाइफ सपोर्ट सर्टिफिकेट आवश्यक" एवढंच छापायचं आणि कुठलं, साधं बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, श्वास देऊन सीपीआर करणं) की वरचं एसीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड, औषधं आणि मॉनिटरसकट), म्हणून विचारायला गेलं की माणसाला हेलपाटे घालायला लावायचे, याचा मला अजून राग येतो. काम झालंय माझं, पण सिंहस्थ तोंडावर आहे, बरेच जण अर्ज करत असतील, म्हणून लिहितेय.

मी जीडीए, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केलाय. कॉलेज रोडच्या एका क्लिनिकमध्ये होते, बीपी-शुगर बघणं, ईसीजीच्या लीड लावणं, ड्रेसिंगचा ट्रे लावून देणं, पेशंटला धरून नेणं हे सगळं अंगवळणी पडलेलं. मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत असिस्टंटची जागा निघाली, इंटरव्ह्यू छान झाला, कागद जमा करायला एचआरकडे पाठवलं आणि तिथेच सगळं अडकलं.

काउंटरवरचे सर म्हणाले, "ताई, एसीएलएस करून या." मी विचारलं, ओपीडी असिस्टंटला एसीएलएस कशाला? तर म्हणे, "वरचा कोर्स आहे ना, खालचा त्यात आलाच." आता हे साफ चुकीचं आहे. एसीएलएसला जाताना बीएलएस तुम्हाला आधीच पक्कं येतं असं धरून चालतात. तिथे मॉनिटरवरचा हृदयाचा ऱ्हिदम ओळखायचा, शॉक कधी द्यायचा ते ठरवायचं, अ‍ॅड्रेनालिन 1 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी, अमिओडॅरोन पहिला डोस 300 मिलिग्रॅम, ही सगळी गणितं. ते डॉक्टरांचं आणि आयसीयूच्या सिस्टरांचं काम, औषधाची ऑर्डर काही आपण देत नाही. फीसुद्धा बीएलएसपेक्षा खूप जास्त, आणि आमच्या पगारात ती डोळे झाकून भरता येत नाही.

परत गेले तर काउंटरला दुसऱ्या मॅडम, त्या म्हणाल्या "कुठलंही चालेल हो, फक्त सर्टिफिकेट पाहिजे." माझ्याबरोबर सिलेक्ट झालेल्या एका मुलीने त्यांच्या शब्दावर मोबाइलवर ऑनलाइन टेस्ट देऊन लगेच पीडीएफ काढली, पैसे भरले, आणि तीच पीडीएफ त्याच काउंटरवरून परत आली, कारण काय तर प्रॅक्टिकल नाही! मग मी म्हटलं, मला नक्की काय पाहिजे ते लिहून द्या. ते कोणी देईना. साहेब मीटिंगमध्ये आहेत, मेल करा, मेल केला तर उत्तर नाही, फोन केला तर उद्या या. सिडकोतून सिटीलिंकच्या बसने यायचं, बाकड्यावर बसायचं आणि तसंच परत जायचं, वर घरी रोज तोच प्रश्न, जॉइनिंग कधी.

शेवटी मी एचआरचा नाद सोडला आणि सरळ कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेटले. त्यांनी एकच विचारलं, "इंजेक्शन तू देणार आहेस का?" नाही म्हटलं. "मग बीएलएस कर. एएचएचं (अमेरिकन हार्ट असोसिएशनचं), हेल्थकेअरवाल्यांचं. हार्टसेव्हर घेऊ नकोस, ते सामान्य लोकांसाठी असतं." तिथल्या तिथे एचआरला फोन लावला आणि इतके दिवस न सुटलेलं काम दोन वाक्यांत मिटलं. इतकं बरं वाटलं! म्हणून माझं ऐकाल तर प्रश्न काउंटरला विचारूच नका, ज्या वॉर्डात काम करायचंय तिथल्या सिस्टरांना विचारा. लहान मुलांच्या आयसीयूत असाल तर पाल्सचं (मुलांसाठीच्या अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टचं) नाव निघेल, पण तोही डॉक्टर-नर्सचाच कोर्स, असिस्टंटला बीएलएसमध्ये मोठ्या माणसाचा, मुलांचा आणि तान्ह्या बाळाचा सीपीआर तिन्ही शिकवतात.

कोर्स एका दिवसात झाला. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 दाबांमागे 2 श्वास, बाळ किंवा मूल असेल आणि आपण दोघं असू तर 15 ला 2, एईडी (शॉक देणारं छोटं मशीन) लावणं, अंबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास देणं, घशात अडकलेलं काढणं. दर 2 मिनिटांनी दाबणारा बदलायचा असतो, तो का बदलायचा ते स्वतः दाबल्यावर कळतं, हात भरून येतात. लेखी परीक्षेला 84 टक्के लागतात, मला त्याहून बरेच जास्त पडले आणि याचा मला खरंच अभिमान आहे.

आणि हो, फी भरायच्या आधी सेंटरला विचारा की ते एएचएचं मान्य ट्रेनिंग सेंटर आहे का आणि ई-कार्ड मिळणार का. नुसत्या रंगीत सर्टिफिकेटवर जाऊ नका, ई-कार्डवरचा कोड टाकून हॉस्पिटलवाले साइटवर तपासतात. ई-मेल आयडी आणि नावाचं स्पेलिंग फॉर्मवर नीट, आधारवर आहे तसंच लिहा, कार्डची लिंक मेलवरच येते आणि कधीकधी स्पॅममध्ये जाऊन पडते. एएचएचा ऑनलाइन भाग असतो, पण प्रॅक्टिकल दिल्याशिवाय कार्ड मिळत नाही. कार्ड 2 वर्षं चालतं, संपायच्या आधीच रिन्यू करा. साडी नेसून जाऊ नका, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवर असतं आणि बराच वेळ गुडघ्यावर बसायचं असतं, सलवार किंवा पँट बरी. आणि इन्चार्ज सिस्टरना भेटायला सकाळच्या राउंडच्या वेळी जाऊ नका, दुपारी हँडओव्हर झाल्यावर जा, तेव्हा नीट बोलतात.