आमची वाटचाल : हलकी भिंत आणि जड सामान

भिंतीवरचे कमोड, बेसिन, गिझर, वयस्करांसाठीचे आधारदांडे असे बाथरूममधील जड सामान पक्के बसवून देणे हा आज आमच्या फर्मचा मुख्य व्यवसाय आहे. सुरुवात मात्र पुण्यात साध्या प्लंबिंगने झाली. त्या काळी भिंत विटेची असे, कमोड जमिनीवर बसे आणि बेसिनचे ब्रॅकेट सिमेंटमध्ये गाडून टाकले की काम संपत असे. भिंत वजन पेलेल की नाही, असा प्रश्न ग्राहक विचारत नसे आणि आम्हालाही पडत नसे.

हा प्रश्न उभा केला तो एएसी ब्लॉकने, म्हणजे भिंतीसाठी विटेऐवजी वापरल्या जाणाऱ्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्याने, ज्याला पुण्या-मुंबईकडे आजही सरसकट सिपोरेक्स म्हटले जाते, मग तो कोणत्याही कारखान्याचा असो. १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये जन्मलेले हे तंत्र पुण्याला नवे नव्हते, परंतु उंच इमारतींच्या लाटेबरोबर गेल्या दीड-दोन दशकांत ते घरोघर पोहोचले. वीजकेंद्रातील राख किंवा वाळू, सिमेंट, चुना आणि थोडे जिप्सम यांच्या लगद्यात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजन सुटून लगदा फुगतो, आणि नंतर तो वाफेच्या दाबाखाली शिजवून काढला जातो. वीट घनमीटरला १८०० किलोच्या आसपास भरते, तर हा ब्लॉक ५५० ते ६५० किलो. बिल्डरच्या दृष्टीने त्यात फायदाच फायदा आहे, कारण पायावरचा भार घटतो, लोखंड वाचते आणि भिंत झपाट्याने उठते. आमच्या दृष्टीने मात्र भारतीय मानक २१८५, भाग ३ मधील एक आकडा महत्त्वाचा होता. ५५१ ते ६५० किलो घनतेच्या पहिल्या प्रतीच्या ब्लॉकची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला अवघी ४ न्यूटन धरलेली आहे; शेजारच्या कॉलमचे काँक्रीट एम-२५ प्रतीचे असेल तर तीच २५ न्यूटन असते.

या फरकाचा अर्थ ड्रिल हातात घेतल्यावर कळतो. हॅमर चालू ठेवून टाईलमधून आत शिरलेले बिट ब्लॉकपाशी पोहोचताच एकदम सैल पडते, राखाडी-पांढरा भुगा भराभर बाहेर येतो आणि १० मिलिमीटरच्या बिटाने पाडलेले भोक आतून वाटीसारखे रुंदावते. त्यात नेहमीचा रॉल प्लग, म्हणजे स्क्रूसाठीची प्लास्टिकची खुंटी, ठोकून स्क्रू आवळला तर तो हाताला घट्ट लागतो, पण ती पकड टाईल आणि प्लास्टर यांच्या दोन-अडीच सेंटिमीटर थरातली असते. ब्लॉकमध्ये प्लग नुसता तरंगत असतो. लोखंडी फास्टनरची गत याहून वाईट होते, कारण तो फुगून बाजूच्या काँक्रीटला रेटतो आणि त्या रेट्यावर टिकतो, आणि इथे रेटा सोसणारे काँक्रीटच नसल्याने जितका आवळावा तितका ब्लॉक आतून चुरत जातो.

टांगलेले वजन नुसते खाली ओढत नाही, हे ग्राहकाला समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. भिंतीपासून ४५ सेंटिमीटर पुढे आलेल्या बेसिनच्या कडेवर कोणी हात टेकून ५० किलोचा भार दिला, आणि बोल्ट बेसिनच्या खालच्या टेकणीपासून १५ सेंटिमीटर वर असतील, तर बोल्टांना भिंतीतून बाहेर खेचणारे बल सुमारे १५० किलोचे होते. युरोपीय मानकानुसार भिंतीवरचा कमोड ४०० किलोच्या भाराखाली तपासला जातो, आणि विक्रेते हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगतात; परंतु ती परीक्षा कमोडची असते, आपल्या घरच्या भिंतीची नव्हे.

म्हणून आम्ही कामाची पद्धत मुळापासून बदलली. टाईल काच भेदण्याच्या बिटाने, पाणी मारत भेदायची, पुढे ब्लॉकमध्ये हॅमर पूर्ण बंद ठेवून नुसते फिरते ड्रिल चालवायचे, आणि भोक ब्लॉकच्या सांध्यावर किंवा कडेजवळ येणार असेल तर जागा सरकवायची. हलक्या सामानासाठी खास एएसीकरिता बनवलेले लांब, पंखांचे प्लग पुरतात. बेसिन आणि आधारदांड्यांसाठी केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेल्या चिकट रसायनाने पक्की होणारी सळई, वापरतो, आणि त्यातले निम्मे यश भोक साफ करण्यात असते. आधी फुंकणी, मग ब्रश, पुन्हा फुंकणी, असे भुगा येणे थांबेपर्यंत करावे लागते, कारण भुग्यावर चिकटलेले रसायन भुग्यासकट बाहेर येते. नळीतून आलेला पहिला, रंग एकसारखा न झालेला मसाला टाकून द्यायचा, भोक तळापासून भरत आणायचे, आट्यांची सळई फिरवत आत सारायची आणि मसाला सुकण्याची डब्यावर छापलेली वेळ पाळायची. घाईच्या साईटवर ही शेवटची पायरीच सर्वांत अवघड जाते. वापरायची पद्धत प्रत्यक्ष भिंतीवर पारखण्यासाठी नमुन्याचा एक अँकर खेचून पाहण्याचे यंत्र आम्ही घेतले. ते महाग पडले, पण वाद मिटवण्यास त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

तरीही भिंतीवरच्या कमोडचे उत्तर अँकरमध्ये नाही, हे आमचे ठाम मत आहे. तो लोखंडी चौकटीवर बसतो आणि चौकटीचे पाय भार जमिनीकडे नेतात, म्हणून खरा प्रश्न ते पाय कशावर टेकतात हा असतो. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली उतरवून वरती विटांचे तुकडे किंवा ब्लॉकचा चुरा भरतात आणि त्यावर टाईल येते. पाय या भरावावर टेकले तर चौकट कितीही भक्कम असो, ती हळूहळू डुलू लागते आणि कमोडमागच्या टाईलच्या सांध्यात पहिली चीर दिसते. यासाठी भराव टाकण्याआधीच स्लॅबपासून काँक्रीटचा ठोकळा वर आणावा लागतो, आणि वरचे अँकर जिथे येणार तिथे भिंतीत आरसीसीचा आडवा पट्टा ठेवावा लागतो. साहजिकच आमचे काम टाईलनंतर सुरू होण्याऐवजी गवंडीकामाच्या वेळी सुरू झाले. ठेकेदारांना हे सुरुवातीला रुचले नाही. फिटिंगवाल्याने भिंत कशी बांधावी हे सांगणे त्यांना आगाऊपणा वाटे. आता काही वास्तुविशारद नकाशावरच पट्ट्याची उंची आणि ठोकळ्याची जागा आमच्याकडून मागवतात, आणि नव्या इमारतींतील आमचे बहुतेक काम त्यातूनच येते.

जुन्या फ्लॅटमध्ये ही सोय नसते. तिथे २५ लिटरचा गिझर म्हणजे पाण्यासकट ३५ किलोंच्या पुढचे, चोवीस तास लटकणारे ओझे असते, आणि ते पेलण्यासाठी शक्यतो बीम किंवा कॉलम शोधून त्याच्या आधाराने आम्ही जागा ठरवतो, भले पाइप हातभर वाढला तरी. बीम नसेल तर भिंतीच्या आरपार सळई घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावतो आणि ती प्लास्टरखाली झाकतो. ओल्या भागातले प्रत्येक भोक सिलिकॉनने बंद करणे आमच्या दरातच धरलेले असते, कारण टाईलमागच्या वॉटरप्रूफिंगला आपणच छेद दिलेला असतो.

काही कामे आम्ही घेत नाही. भिंत १०० मिलिमीटरची आहे, तिच्यात पाइपासाठी आधीच चर खोदलेला आहे, पलीकडे बेडरूम असल्यामुळे आरपार सळई मालकाला नको आहे आणि तरीही भिंतीवरचाच कमोड हवा आहे, अशा वेळी जमिनीवर बसणारा कमोड सुचवून आम्ही पाहणीचे तेवढे शुल्क घेतो.