उतरायचा जिना, चढायचा जिना

ओर्व्हिएतो, इटली. ऑक्टोबर. चौथी रात्र.

आज एकच जागा पाहिली. एक विहीर. तेवढ्यानेच दिवस भरला. निघताना लेकीने विचारलं होतं, "आई, एकाच गावात सहा रात्री? करणार काय तुम्ही?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आज तिला फोनवर अर्धा तास त्या विहिरीबद्दलच सांगत बसले.

ओर्व्हिएतो म्हणजे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेल्या टफ दगडाचा एक प्रचंड कातळ आणि त्याच्या माथ्यावर वसलेलं गाव. चहूबाजूंनी तुटलेले कडे. रेल्वे स्टेशन खाली, गाव वर, मधे फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने कड्यावर ओढली जाणारी छोटी रेल्वे. ती जिथे सोडते तिथून पोत्सो दि सान पात्रित्सिओ ही विहीर अगदी जवळ. पण आलो त्या दिवशी हातात बॅगा होत्या, आणि मग राहूनच गेलं.

१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट तिथून निसटून या कड्यावर आला. शत्रूला इथे चढणं अवघड, पण वेढा पडला तर वर पाणी कुठून आणायचं? म्हणून त्याने आन्तोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर खोदायला घेतली. ५३ मीटर खोल, आणि तिच्याभोवती गोल फिरत जाणारे दोन वेगळे जिने. एक उतरायचा, दुसरा चढायचा. रिकामी उतरणारी आणि पाणी लादून चढणारी खेचरं समोरासमोर येऊन अडकू नयेत, एवढ्याचसाठी ही सगळी करामत. काम पुरं झालं १५३७ मध्ये. क्लेमेंट १५३४ मध्येच गेला होता. आपलं शहर सोडून यावं लागलेल्या, आणि ज्या विहिरीसाठी एवढा आटापिटा केला ती पुरी झालेली न पाहताच गेलेल्या त्या माणसाचं आज मला फार वाईट वाटत राहिलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दूतही त्याला गाठायला इथेच आले होते, राजाचं लग्न रद्द करून द्या म्हणून. ते ऐकल्यावर आमचे हे नुसतेच माझ्याकडे बघून हसले.

२४८ पायऱ्या. रुंद आणि कमी उंचीच्या, खेचराच्या पावलाच्या बेताने केलेल्या. माझा गुडघा उतरताना दुखतो, यांना चढताना धाप लागते. त्यामुळे उतारावर हे पुढे आणि चढावर मी पुढे, हे आमचं गेली कित्येक वर्षं ठरलेलं. पण इथे जिना उलटा चढता येत नाही. हे खाली पोचले, तळाचा छोटा पूल ओलांडून दुसऱ्या जिन्याला लागले, आणि मी अजून निम्म्यावरच.

आतल्या भिंतीत ७० खिडक्या आहेत, वरून पडणारा उजेड जिन्यात यावा म्हणून. मी एका खिडकीशी गुडघा दाबत उभी होते, तर समोरच्या खिडकीत हे. जवळजवळ माझ्याच उंचीवर. मधे तो खोल, ओलसर पोकळ भाग. मी खाली निघालेली, हे वर. "अगं, पुढे दोन पायऱ्या ओल्या आहेत, भिंतीकडून चाल," एवढंच म्हणाले, पण आवाज सगळ्या विहिरीत फिरून आला.

मग त्यांनी ते सोडलंच नाही. दर दोन-तीन खिडक्यांशी थांबायचे, धाप जिरवायची आणि खाली बघून काहीतरी सांगायचं. पुलावर उभी राहून मी वर पाहिलं तर आकाशाचा थाळीएवढा गोल तुकडा, आणि एका खिडकीतून बाहेर आलेला यांचा हात. चढताना मी "अहो, कुठवर आलात?" म्हणून विचारत राहिले. दिसत नव्हते, पण उत्तर प्रत्येक वेळी आलं. बाहेर आले तेव्हा हे दारातल्या उन्हात बसले होते, कपाळावर घाम, शेजारी माझ्यासाठी पाण्याची बाटली उघडून ठेवलेली.

परवाचं लिहायचं राहिलंय. बसने बान्योरेज्जोला जाऊन चिविताला गेलो होतो. टफच्या सुळक्यावर उरलेलं इवलंसं गाव. खालची माती पाण्याने झिजते, वरचा दगड कोसळतो, गाव दर शतकाला कमी कमी होत जातं. तिथे गाडी जात नाही, लांबलचक पादचारी पूल चढूनच जावं लागतं. माणशी ५ युरो तिकीट. दुपारी इतकी गर्दी होती की मला नीटसं रमता आलं नाही. पण एका वाड्याची फक्त दर्शनी भिंत उभी आहे, मागचं घर दरीत गेलेलं. तिच्या वरच्या खिडक्यांतून थेट आकाश दिसतं. तिथून माझे पाय निघेनात. त्या खिडकीत उभं राहून कोणी कोणाची वाट पाहिली असेल, हेच मनात येत राहिलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे दुओमोसमोर. या चर्चची पायाभरणी १२९० मधली. बाजूच्या भिंतींवर पांढऱ्या आणि काळ्या दगडांचे आडवे पट्टे, आणि दर्शनी भागावर सोनेरी मोझेइक. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट त्यावर पडतं आणि चौकातल्या माणसांचे चेहरेसुद्धा उजळतात. आम्ही चारही संध्याकाळी तिथे बसलोय. काल ढग होते, सोनं विझल्यासारखं दिसत होतं, तेव्हा खालच्या खांबांवरच्या कोरीवकामाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं. आदमच्या बरगडीतून ईव्हला घडवताना तो गाढ झोपलाय. इतका शांत झोपलेला माणूस मी दगडात कधी पाहिला नव्हता.

आत्ता माझ्या गुडघ्याला मलम चोळताना यांनी विचारलं, "उद्या कुठे?"

म्हटलं, दुओमोलाच. पण सकाळी लवकर, ऊन मागच्या बाजूला असताना. सावलीत तो कसा दिसतो ते पाहायचंय.

"बरं," म्हणाले आणि पाचचा गजर लावला. मी तो साडेसहाचा केला.